नेट स्लो आहे, प्रॉक्सी बघ

"नेट स्लो आहे" या तक्रारीत सांगण्यासारखं काहीच नसतं. कुठली साइट, केव्हापासून, सगळ्यांना की एकट्याला, पान उघडतच नाही की उघडून अर्धवट लटकतं, हे सगळं आपण खोदून खोदून विचारायचं. मात्र तक्रारीमागून येणारं वाक्य ठरलेलं असतं: "प्रॉक्सी बघ जरा." प्रॉक्सी म्हणजे आतल्या सगळ्यांच्या वतीने बाहेरच्या साइटकडे मागणी करणारा मधला सर्व्हर. समोरच्या साइटचा सर्व्हर आडवा झालेला असो, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सेवा) अडखळत असो, बाहेर जाणारी लाइन भरलेली असो की कुणाच्या ब्राउझरमधल्या एखाद्या एक्स्टेन्शनने घोळ घातलेला असो, पडद्यावर एररचं जे पान येतं त्याच्या तळाशी नाव असतं ते प्रॉक्सीचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते इथे रोज घडतं.

कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे आणलेली पानं स्वतःकडे साठवून ठेवणारा प्रॉक्सी, सांभाळण्यात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत असं झालंय, की या कामाचा मोठा भाग म्हणजे प्रॉक्सीची निर्दोष सुटका करणं. कधी कधी तो खरंच दोषी निघतो. पण तेही सिद्ध करायला लागतं, आणि पुरावा दोन्हीकडे एकच असतो: लॉग, म्हणजे प्रॉक्सीने केलेल्या व्यवहारांची नोंद.

प्रॉक्सी आणि त्यातली कॅश ही वेबच्या बाळपणातली गोष्ट. १९९४ साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय होती. पुढे हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातल्या कॅशमधून स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी निघाला, त्याची पहिली आवृत्ती जुलै १९९६ मध्ये आली, आणि ड्वेन वेसल्स यांनी तो वाढवला. तेव्हा बँडविड्थ महाग होती. एकाने उघडलेलं पान दुसऱ्याने मागितलं तर ते पुन्हा बाहेरून कशाला आणायचं, इतका साधा हिशेब होता. ३१२८ हा त्याचा मूळ पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ज्याच्या बोटांत बसलाय, त्याला स्क्विडची आणखी ओळख करून द्यायला नको.

आता लॉग. अशी एक ओळ घ्या:

१७१८६०३२११.४८२ ५२१७ १०.०.४.३७ टीसीपी_मिस/२०० १८४३० गेट

यापुढे पानाचा पत्ता, युजरचं नाव असेल तर ते, मजकूर कुठून आणला ते आणि त्याचा प्रकार. पहिला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. दुसरा म्हणजे या व्यवहाराला लागलेले मिलिसेकंद, म्हणजे सव्वापाच सेकंदांच्या आसपास. मग मागणाऱ्याचा आयपी, मग प्रॉक्सीने काय केलं आणि साइटने काय उत्तर दिलं, मग किती बाइट दिले, आणि शेवटी मागणीचा प्रकार. नवीन माणूस टीसीपी_मिस बघून म्हणतो, "बघा, कॅशमध्ये नव्हतं म्हणून वेळ लागला." कॅशमध्ये नव्हतं हे खरं. पण अठरा हजार बाइटांना पाच सेकंद लागत नाहीत. त्या पाच सेकंदांत नेमकं काय चाललं होतं, ते ही ओळ सांगत नाही.

याच ओळीतली आणखी एक खोच कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आकड्यातली वेळ व्यवहार संपल्याची असते, सुरू झाल्याची नाही. ओळ लिहिलीच जाते काम उरकल्यावर. त्यामुळे अर्धा तास चाललेलं आणि अजून संपायचं असलेलं डाउनलोड लॉगमध्ये कुठेही दिसत नाही. लाइन भरलेली, आणि लॉग मात्र शांत! अशा वेळी लॉग चाळत बसण्यात अर्थ नसतो, स्क्विडच्या कॅश मॅनेजरकडे, म्हणजे त्याची आतली स्थिती दाखवणाऱ्या पानांकडे, चालू विनंत्यांची यादी मागायची. तिथे तो महाशय सापडतो.

दुसरी खोच टनेलची. एचटीटीपीएससाठी (कूटबद्ध जोडणीसाठी) ब्राउझर प्रॉक्सीला 'कनेक्ट' म्हणतो, प्रॉक्सी दोन्ही टोकं जोडून देतो आणि मधून काय वाहतंय ते त्याला कळत नाही. अशा ओळीतले मिलिसेकंद म्हणजे टनेल किती वेळ उघडा राहिला ते. कुणी एखादा टॅब सकाळी उघडून तसाच ठेवला, तर लॉगमध्ये काही लाख मिलिसेकंद दिसतात आणि कुणीतरी घाबरून स्क्रीनशॉट पाठवतं. त्यात हळू काहीच नसतं. सरासरी काढताना या ओळी आधी बाजूला काढल्या नाहीत, तर पुढचा सगळा हिशेब कचऱ्यात.

त्या पाच सेकंदांकडे परत येते, कारण त्यांनी मला बरंच शिकवलं. तेव्हा अजून पुष्कळशी वाहतूक साध्या एचटीटीपीची होती. तक्रार अशी होती, की साइट पहिल्यांदा उघडताना अडकते, आणि रिफ्रेश केलं की पटकन येते. रोज नाही, सगळ्यांना नाही, ठरावीक साइटवरही नाही. कॅश मॅनेजरच्या माहितीपानावर प्रत्येक प्रकारच्या कामाचा मध्यक असतो: हिटला (कॅशमधून दिलेल्याला) किती वेळ, मिसला (बाहेरून आणलेल्याला) किती, डीएनएसला किती. तिन्ही आकडे तब्येतीत. पाच मिनिटांचे बघा, साठ मिनिटांचे बघा, दोन्हीकडे आलबेल. त्यावरून कुणीही म्हणालं असतं, की लोकांचा भास आहे.

मध्यकाची गंमत अशी, की रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्यालाच तो विचारतो. निम्म्याहून जास्त विनंत्या झटपट होत असतील तर उरलेल्यांची कितीही फरपट झाली तरी तो ढिम्म हलत नाही. म्हणून मी मध्यक सोडला, टनेलच्या ओळी गाळल्या आणि उरलेल्या ओळींचे मिलिसेकंद चढत्या क्रमाने लावून नुसते खाली सरकवत गेले. शंभर, दोनशे, चारशे, मधे विरळ विरळ होत गेलेले आकडे, आणि मग अचानक दाटी: ५०३१, ५०४४, ५०९०, ५११२, ५२१७. त्यानंतर पुन्हा जवळजवळ काही नाही.

खऱ्या मंदपणाला असा कंगोरा नसतो. लाइन भरली असेल तर वेळा पसरतात, साइट दमली असेल तरी पसरतात. पाच सेकंदांच्या जरा पुढे अशी गर्दी होते ती कुणीतरी घड्याळ लावून वाट बघत असेल तेव्हाच. स्क्विड डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारतो, उत्तर आलं नाही तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच सेकंद थांबतो आणि मग यादीतल्या पुढच्याला विचारतो. कॅश मॅनेजरच्या डीएनएसच्या पानावर प्रत्येक सर्व्हरपुढे दोन रकाने असतात: किती प्रश्न पाठवले, किती उत्तरं आली. यादीत पहिल्या असलेल्या सर्व्हरचे दोन रकाने जुळत नव्हते. तो मेलेला नव्हता. मेला असता तर मध्यकाने लगेच ओरड केली असती. तो बहुतेक प्रश्नांना उत्तर देत होता आणि काही गिळत होता. एकदा उत्तर मिळालं की ते प्रॉक्सीकडे काही काळ साठून राहायचं, म्हणून रिफ्रेश केल्यावर पान पटकन यायचं. लोकांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

तेव्हापासून मी लॉगच्या साच्यात एक रकाना वाढवून ठेवला आहे: या विनंतीत डीएनएसवर किती मिलिसेकंद गेले. स्क्विडमध्ये त्याची सोय आहे, पण मुळात ती चालू नसते. टनेलच्या ओळीतही हा रकाना कामाचा, कारण टनेल किती वेळ चालला त्याच्याशी त्याचा संबंध नाही. एवढ्या एका आकड्याने जितकी भांडणं मिटली, तितकी रंगीत ग्राफांनी मिटलेली मी पाहिली नाहीत.

ग्राफांवरून हिट रेशो, म्हणजे शंभरातल्या किती विनंत्या कॅशमधून भागल्या तो आकडा, आठवला, आणि त्याच्याशी माझं जुनं वैर आहे. कॅश म्हटली की हा आकडा सगळ्यांना आधी हवा. सादरीकरणात तो छान दिसतो, वर गेला की कौतुक, खाली आला की चौकशी. पण हा आकडा फार सहज फुगतो. पानावरची बारीक बारीक चित्रं, आयकॉन, स्टाइलच्या फायली कॅशमधून गेल्या की विनंत्यांच्या मोजणीत हिट भरपूर, आणि बाहेरच्या लाइनवरचा भार जिथल्या तिथे. म्हणून स्क्विड दोन टक्केवाऱ्या शेजारी शेजारी देतो, एक विनंत्यांची आणि एक बाइटांची. लाइन वाचवणं हा हेतू असेल तर दुसरीच बघायची. आणि ती दुसरी टक्केवारी शून्याच्या खालीही जाऊ शकते. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो बग वाटतो. बग नसतो तो. प्रॉक्सीने बाहेरून जेवढं ओढलं त्यापेक्षा आतल्या लोकांना कमी दिलं, एवढाच त्या उण्या चिन्हाचा अर्थ.

असं कसं होतं? एक घडलेला प्रकार सांगते. एका ठिकाणी संध्याकाळी बाहेरची लाइन तुडुंब भरायची आणि आतलं मोजमाप म्हणायचं, की कुणी विशेष काही घेत नाहीये. सॉफ्टवेअरचे अपडेट आणणारे प्रोग्राम मोठी फाइल एकदम मागत नाहीत. या बाइटपासून त्या बाइटपर्यंत, असे तुकडे मागतात. स्क्विड असे तुकडे साठवत नाही, त्याला साठवायला अख्खी फाइल लागते. म्हणून आधीच्या कुणीतरी चांगल्या हेतूने रेंजची मर्यादा उघडून ठेवली होती: तुकडा मागितला तरी सुरुवातीपासून सगळं ओढ, म्हणजे पुढच्याला कॅशमधून मिळेल. पण साठवायच्या फाइलच्या कमाल आकाराला हात लावलेला नव्हता. तो मुळात ४ एमबी असतो. मग काय व्हायचं? शंभरेक एमबीच्या फाइलचा शेवटचा तुकडा कुणी मागितला, की प्रॉक्सी आधीचं सगळं ओढायचा, त्यातला तुकडा द्यायचा, आणि फाइल मर्यादेबाहेरची म्हणून टाकून द्यायचा. पुढचा तुकडा, पुन्हा तेच. पुढचं मशीन, पुन्हा तेच. त्यातही मागणारा प्रोग्राम वाट बघून कंटाळला तर जोडणी तोडून नव्याने मागणार. दोन्ही सेटिंगं वेगवेगळी घेतली तर कुणीही मान डोलावेल, पण एकत्र येऊन त्यांनी बँडविड्थ वाचवणारं यंत्र बँडविड्थ खाणारं करून टाकलं होतं. आम्ही रेंजची मोकळीक फक्त अपडेटच्या मोजक्या डोमेनांपुरती ठेवली, कमाल आकार वाढवला आणि संध्याकाळ मोकळी झाली. हिट रेशो, गंमत म्हणजे, या सगळ्या काळात दिमाखात उभा होता.

त्यामुळे माझ्या फळ्यावर हिट रेशो कोपऱ्यात असतो. मधोमध दोन रेषा असतात: बाहेरून आत आलेले किलोबाइट आणि आतल्यांना दिलेले किलोबाइट. दुसरी रेषा पहिलीच्या वर असेल तर कॅश आपल्या पोटातलं काही देते आहे. रेषा एकमेकींना चिकटल्या तर कॅश नुसती बसून आहे. आणि पहिली वर गेली तर उठायचं.

रिस्टार्टबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते अंगारा लावण्यासारखं झालंय. काहीही झालं की रिस्टार्ट मार. बरंही वाटतं, ते खोटं नाही. अडकलेल्या जोडण्या सुटतात, मेमरी मोकळी होते. पण त्याबरोबर चालू विनंत्यांची यादी जाते, मध्यक जातात, डीएनएसचे ते दोन रकाने शून्यावर येतात. पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुऊन काढल्यासारखं. शिवाय नीट बंद न होता प्रोसेस मारली गेली असेल, तर पुढच्या वेळी स्क्विडला डिस्कवरच्या साठ्याची उजळणी करावी लागते आणि साठा मोठा असेल तर ते लांबतं. कॅश डिरेक्टरी उडवून नव्याने बांधणं हा तर त्याच्याही पुढचा उपाय. त्यानंतर काही काळ सगळ्याच विनंत्या मिस, आणि "आता तर आणखीनच स्लो झालं" हे ऐकायची तयारी ठेवायची. रिस्टार्ट मारायचाच असेल तर आधी कॅश मॅनेजरची चार पानं फाइलमध्ये उतरवून घ्यावीत. मिनिटभराचं काम आहे.

ज्या दुखण्याला रिस्टार्टने तात्पुरता उतार पडतो ते बहुधा फाइल डिस्क्रिप्टरचं असतं. उघडलेल्या प्रत्येक जोडणीला आणि फाइलला सिस्टिम एक डिस्क्रिप्टर देते. एका मिसला एक जोडणी आतल्या माणसाकडे, एक बाहेरच्या साइटकडे, आणि साठवायचं असेल तर एक फाइल डिस्कवर. लिनक्सवर एका प्रोसेसला मुळात १०२४ची मर्यादा सर्रास असते, आणि हल्लीचं एखादं वेबपान एका दमात डझनांनी जोडण्या उघडतं. स्क्विड हे लपवत नाही. डिस्क्रिप्टर संपत आले, असा इशारा तो कॅश लॉगमध्ये स्पष्ट लिहितो. अडचण एवढीच, की वर पाहिलेला ऍक्सेस लॉग सगळे वाचतात आणि कॅश लॉग कुणी उघडत नाही. प्रॉक्सीने विनंती पुन्हा स्वतःकडेच पाठवली, डिस्कवरची फाइल वाचता आली नाही, असलं सगळं तिथेच असतं. प्रॉक्सीच्या तब्येतीबद्दल प्रॉक्सीला स्वतःला जे म्हणायचंय ते त्या फाइलमध्ये आहे. बाकीच्या फायली इतरांबद्दल असतात.

मेमरीचा गैरसमज तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कॉन्फिगमध्ये कॅशच्या मेमरीचा आकडा लिहिला म्हणजे स्क्विड तेवढीच मेमरी घेईल असं लोक धरून चालतात. तो आकडा फक्त मेमरीत ठेवायच्या मजकुराचा. डिस्कवर काय काय आहे याची अनुक्रमणिकाही मेमरीतच असते, आणि ६४ बिटच्या मशीनवर दर जीबी डिस्क साठ्याला साधारण १४ एमबी असा ढोबळ हिशेब धरतात. डिस्क स्वस्त म्हणून ५०० जीबीची कॅश बांधली, की नुसत्या अनुक्रमणिकेला ७ जीबी लागले. मशीनच्या मेमरीत तेवढी जागा नसेल तर अनुक्रमणिकेचा काही भाग डिस्कवर ढकलला जातो (स्वॅप) आणि कॅशचा वेग डिस्कच्या वेगावर येतो. माहितीपानावर पेज फॉल्टचा, म्हणजे मेमरीत न सापडल्याने डिस्ककडे जावं लागल्याचा, आकडा असतो, तो चढायला लागला की साठा छाटायचा. मोठी कॅश म्हणजे चांगली कॅश, हे काही खरं नाही.

लॉगने डिस्क भरली आणि प्रॉक्सी बसला, हा प्रकार इतका रोजचा आहे की त्यावर लिहायलाही संकोच वाटतो. लॉग फिरवा, जागेवर अलार्म लावा, पुढे चला.

देखरेखीसाठी साधनांची वाण नाही. उपकरणांची स्थिती विचारायचं एसएनएमपी आहे, ३४०१ पोर्टवर ऐकणारं. प्रॉमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला आकडे पुरवणारे एक्स्पोर्टर मिळतात. लॉगचे अहवाल काढणारे प्रोग्राम तर कितीतरी. पण मला विचाराल तर सगळ्यांत भरवशाचं काम एक लहानशी स्क्रिप्ट करते. दर मिनिटाला तीच एक छोटी फाइल एकदा प्रॉक्सीतून आणायची, एकदा थेट आणायची, आणि दोन्ही वेळा लिहून ठेवायच्या. तक्रार आली की आधी हे दोन आकडे बघायचे. दोन्ही वाढले असतील तर बाहेर बघायचं. फक्त प्रॉक्सीचा वाढला असेल तर आरोप मान्य. दोन्ही जागेवर असतील तर तक्रार करणाऱ्याच्या मशीनकडे चालत जायचं. हे आकडे नुसते अडचणीच्या दिवशी बघून उपयोग नाही. बऱ्या दिवशी प्रॉक्सी कसा चालतो, दुपारी त्याचा वेग किती असतो, सुट्टीच्या दिवशी किती, हे डोळ्यांत बसलेलं नसेल तर बिघडलेला दिवस ओळखणार कशावरून?

"आता सगळं एचटीटीपीएस आहे, मग कॅशिंग प्रॉक्सी हवाच कशाला?" हा प्रश्न हल्ली वारंवार येतो, आणि रास्त आहे. टनेलमधलं काही साठवता येत नाही. प्रॉक्सीला साइटचं नाव आणि पोर्ट कळतो, बाकी सगळं बंद. स्क्विडला तो टनेल मधेच उघडून बघता येतो, पण त्यासाठी आपलं स्वतःचं प्रमाणपत्र प्रत्येक मशीनवर विश्वासू म्हणून बसवावं लागतं. सुरक्षेसाठी काही ठिकाणी ते करतात, ती त्यांची गरज असेल. चार टक्के बँडविड्थ वाचावी म्हणून लोकांची कुलपं उघडायची, याला माझा विरोध आहे. कॅशिंग संपलेलं नाही, ते दुसऱ्या टोकाला गेलंय. साइटच्या पुढे उभ्या असलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीत, सीडीएनमध्ये (जागोजागी साइटच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यात). तिथली दुखणी वेगळी, कारण तिथे हेडर (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) आपल्या हातात असतात. कॅशमधून आलेल्या उत्तरावर 'एज' नावाचं हेडर असतं, किती सेकंदांचं शिळं ते सांगणारं. पान बदललं तरी जुनंच दिसतंय अशी ओरड झाली की आधी ते वाचायचं. आकडा वाढत असेल तर मधली कुठलीतरी कॅश जुनं देते आहे. हेडरच नसेल, तर बहुधा ब्राउझर स्वतःच्या पोटातलं काढून दाखवतोय किंवा साइटच जुनं पाठवते आहे. २०२२ मध्ये 'कॅश-स्टेटस' हे हेडरही प्रमाण झालं, ज्यात मधली प्रत्येक कॅश आपण काय केलं आणि का केलं ते लिहू शकते. अशी जबानी आपणहून मिळण्याची सोय व्हायला इतकी वर्षं का लागली, कोण जाणे.

आतल्या बाजूचा प्रॉक्सी मात्र साठवण गेली तरी टिकून आहे, आणि त्याचं कारण पुष्कळदा त्याचा लॉग असतो. इथे मला जरा अवघडल्यासारखं होतं. पाच सेकंदांची ती दाटी शोधताना मी ज्या ओळी सरकवत होते, त्यांत पत्ते होते, आणि पत्त्यांमागे माणसं. कोण नोकरी शोधतंय, कोण कुठल्या आजाराबद्दल वाचतंय, हे दिसायला फार प्रयत्न लागत नाहीत. पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग स्क्विड मुळातच लॉगमध्ये उतरवत नाही, हा त्याचा शहाणपणा. कुणी "डीबगिंगला सोपं जाईल" म्हणून ती सेटिंग बदलायला सांगितली तर मी आधी कारण विचारते. दुखणं शोधायला मला वेळ, मिलिसेकंद, बाइट आणि निकालाचा कोड पुरतात. पत्त्याचा रकाना मी स्क्रिप्टमध्येच गाळते आणि अगदी अडलं तरच परत आणते.

तरी अधूनमधून वरून विचारणा होतेच: प्रॉक्सी आहे ना आपल्याकडे, मग कोण दिवसभर काय बघतं त्याची एक यादी दे. मी म्हणते, देते, फक्त कुणाची, कुठल्या तारखांची आणि कशासाठी हवी ते सहीनिशी लेखी पाठवा. बहुतेक वेळा तो कागद येत नाही.